वाट म्हणायला मनाई

दिवाळीचे कंदील उतरले, बाजारात वालाच्या शेंगा आल्या, आणि एका दुपारी बाल्कनीत कपडे वाळत घालताना लाऊडस्पीकरचा आवाज ऐकू आला. "आणि हा फटका... डायरेक्ट पब्लिकमध्ये!" खांदा कॉलनीतलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. वारा खाडीकडून असला की समालोचकाच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग आमच्यापर्यंत पोचतो, उरलेला हायवे गिळतो. फटका कुणी मारला ते कळत नाही.

अनंतला कळायचं. दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून तो बाल्कनीत यायचा, मान वाकडी करून ऐकायचा आणि सांगायचा, "लेगला खेळलाय. टप्पा आखूड होता." एवढ्या लांबून टप्पा कसा ऐकू येतो, असं मी विचारलं की म्हणायचा, "तुला नाही का पुस्तक न उघडता कळत, आत वाळवी आहे ते?" मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. हा टोमणा माझ्या नवऱ्याने आयुष्यभर पुरवून पुरवून वापरला.

यंदा बाल्कनीत मी एकटी होते. हातात ओला टॉवेल होता. वाटलं होतं रडू येईल. आला तो राग. खेळाचा मोसम परत आला होता, आणि मागच्या मोसमात कोर्टाने आम्हाला एक शब्द उच्चारायची केलेली मनाई अजून उठलेली नव्हती.

हे मी सावकाश लिहिते आहे. मला घाईने काही लिहिता येत नाही, आणि या बाबतीत तर एकेक शब्द जपून ठेवायला हवा.

पनवेल-उरणच्या पट्ट्यात भात कापून झालं की शेतं क्रिकेटची होतात. अनंतचं गाव खाडीकाठचं. पूर्वी घरटी थोडं भात आणि थोडं मीठ. मी लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा मिठागरं मोडीत निघाली होती, पण शेतं होती, आणि कापलेल्या भाताच्या धसांवर पाणी मारून, माती ठोकून तयार केलेली एक खेळपट्टी होती. टेनिसचा चेंडू, ताडपत्रीचा मंडप, वालाच्या शेंगा भाजायच्या पोपटीच्या मडक्यांचा धूर, ओव्याच्या वासासारखा भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास. सामने बघायला नेलेल्या नव्या सुनेला लोकांनी प्लास्टिकची खुर्ची दिली होती. मी पिशवीतून पुस्तक काढलं, तेव्हा अख्खा मंडप हसला होता.

मैदानाच्या मधून, मिडॉनच्या जरा मागून, एक बांध जात होता. गावातून निघून खाडीपर्यंत. खाडीवर कोळंबी-चिंबोऱ्यांच्या जागा होत्या आणि गावाची मसणवट होती. जिवंत माणसं रोज आणि मेलेली एकदाच, अशी सगळी त्याच बांधावरून जायची.

त्या दिवशी अनंत गोलंदाजीला धावत निघाला होता. डावखुरा, लांब पावलांचा. तो चेंडू टाकणार एवढ्यात पंच नामाकाका ओरडले, "वाट!" अनंत जागच्या जागी थांबला. फलंदाजाने बॅट काखेत घेतली. बांधावरून एक मुलगी डोक्यावर पाटी घेऊन येत होती. पाटीत चिंबोऱ्या खुडबुडत होत्या. ती अनंतची धाकटी बहीण, हिरा. ती घाई न करता मैदान ओलांडून गेली, जाता जाता भावाला म्हणाली, "दादा, तुजा पाय रेषेच्या भायेर परतंय." पब्लिक खो खो हसलं. मग नामाकाकांनी हात खाली केला आणि खेळ सुरू झाला.

संध्याकाळी मी अनंतला विचारलं, असं मध्येच कसं थांबवतात?

"मध्येच म्हणजे? बांध आधीचा आहे. आम्ही त्याच्या मध्ये खेळतो."

"पण चेंडू टाकून झाल्यावर थांबलं असतं तर?"

"खेळ उद्याही असतो गं. तिच्या चिंबोऱ्या मेल्या असत्या."

पुढे एकदा अंत्ययात्रा जातानाही पाहिलं. तेव्हाही नामाकाका "वाट" म्हणाले, पण हलक्या आवाजात. सीमारेषेवरच्या पोरांनी टोप्या काढल्या. तिरडी बांधाच्या वळणावर वळली, खाडीकडे दिसेनाशी झाली, आणि पुढचा चेंडू पडला तेव्हा कुणीही त्यावर जोरात फटका मारला नाही. असा काही नियम नव्हता. पुण्यातल्या माझ्या घरात खूप पुस्तकं होती. पण गेलेल्या माणसाला एक चेंडू वाहावा, हे कुठे वाचलेलं नव्हतं.

जमीन संपादित झाली त्याला बराच काळ लोटला. ती नुसतीच पडून होती, तोवर सामने होत राहिले. मग डंपर आले. लाल मुरूम पडला, बांध त्याखाली गेला, चारी बाजूंनी पत्रा उभा राहिला, त्यात एक गेट गावाकडे आणि एक खाडीकडे. त्याच्या आत हिरवळ आली, विजेचे खांब आले, आणि दाराशी मोठ्या अक्षरांत "खेळ जोडतो" असा फलक लागला. अनंत तो फलक वाचून म्हणाला, "बरोबर आहे. पत्र्याला पत्रा जोडलाय."

खाडीला जायचं तर आता हायवेच्या कडेने मोठा वळसा होता. पाटी डोक्यावर घेऊन, ट्रेलरच्या चाकांशेजारून. मसणवटीत जायचं तर गेटची किल्ली मागावी लागे. गावाने मैदान चालवणाऱ्यांकडे विनंत्या केल्या. उत्तर गोड असायचं. क्रिकेटला एवढं मानणाऱ्या गावाने क्रिकेटला आडवं येऊ नये, खेळात राजकारण आणू नये. हे त्यांनी अनंतला ऐकवलं. उभा हिवाळा खेळपट्टीवर घालवलेल्या अनंतला! तो घरी येऊन म्हणाला, "आमची वाट खेळात घेतली तेव्हा नाही कुणी म्हणालं, की खेळात वाट आणू नये."

मागच्या हिवाळ्यात तिथे पहिली मोठी स्पर्धा भरली. सकाळी धुकं होतं, म्हणजे आमच्याकडे असतं तसं, अर्धं धुकं आणि अर्धी धूळ. दोन्ही गेटं प्रेक्षकांसाठी उघडी होती. गावातली माणसं एकामागे एक आत शिरली आणि चालू लागली. घोषणा नाही, फलक नाही. बायकांच्या डोक्यावर रिकाम्या पाट्या. मी प्रेक्षकांत उभी होते, कारण रांगेत चालायचं धाडस मला तेव्हा झालं नव्हतं आणि अनंतने आग्रहही केला नव्हता. त्यामुळे मला ते वरून दिसावं तसं दिसलं. हिरवळीवर काहीच खूण नव्हती, सगळीकडे सारखी कापलेली. तरी ती रांग मध्येच डावीकडे वळली, थोडी पुढे जाऊन पुन्हा सरळ झाली. जिथे बांध वळायचा तिथे. पुढच्याला बघून मागचा वळत नव्हता; प्रत्येकाच्या पायाला ते वळण माहीत होतं.

गोलंदाज मोरा गावचा होता, उरणकडचा. पैसे देऊन आणलेला. तो धावत सुटला होता. रांगेच्या पुढे असलेल्या नामाकाकांनी सवयीने हात वर केला आणि ओरडले, "वाट!"

आणि तो थांबला. पंचांनी थांबवला नाही, पोलिसांनी नाही. त्याच्याही गावच्या मैदानातून कुणीतरी पाटी घेऊन जात असणार. शब्द कानावर पडला आणि पायांनी ऐकला. फलंदाज परप्रांतातला, तो बॅट रोखून तसाच उभा, आणि मोऱ्याचा पोरगा चेंडू पाठीमागे धरून अदबीने बाजूला. माणसं खाडीकडे गेली. मग सगळीकडून शिट्ट्या वाजल्या.

मोसम अर्ध्यावर असताना मनाई हुकूम आला. सगळं इंग्रजीत. देवळाच्या सभामंडपात बसून मी तो मराठीत करून वाचून दाखवला. प्रतिवादी क्रमांक एक, अनंत. त्यानंतर नामाकाका, मग आणखी काही, आणि शेवटी "इतर अज्ञात इसम". स्पर्धा चालू असो वा नसो, मैदानात शिरू नये, गेटजवळ जमू नये, वाद्य वाजवू नये. इथवर सगळे मान डोलावत होते. पुढे आयोजकांच्या अर्जातलं म्हणणं होतं: जमावाने "वाट" ही घोषणा दिली, स्थानिक बोलीत तिचा अर्थ विध्वंस करू असा होतो, या धमकीने खेळाडू भयभीत होऊन थांबला. म्हणून पुढील आदेशापर्यंत ही किंवा अशी कुठलीही घोषणा देण्यास मनाई.

 मग हिरा म्हणाली, "वैनी, परत वाच गो. तुजा काय तरी चुकलाय."

मी परत वाचलं.

"आरं पन वाट लावीन असा कोन बोलला?" नामाकाका उठून उभे राहिले. "मी वाट बोललो. वाट! मानूस चाललाय, जरा सरा, ह्या बोललो. जलमभर ह्याच बोललो."

"काका, आता नका बोलू," मागून कुणीतरी म्हणालं, "तीनदा झाला. आत टाकतील."

"मंग आता बायकोची वाट बगायची का नाय, त्या पन कोर्टाला इचारू का?"

"तुमची बायको तुमची बगते का, त्या आदी इचारा!" हिराने टोला दिला, आणि सभामंडप असा हसला की देवळातली कबुतरं उडाली. अनंतही हसला. त्या संपूर्ण मोसमात तो तसा हसलेला मला दुसऱ्यांदा आठवत नाही.

घरी येऊन मी शब्दकोश काढला. माझं हत्यार तेवढंच. पायवाट, आडवाट, वाटसरू, वाटखर्च, वाट देणे, वाट पाहणे, वाट चुकणे. वाट लागणे आणि लावणे हे अर्थ होतेच, ते मी लपवले नाहीत. मग एक शब्द सापडला आणि मी टेबलावर हात आपटला, इतक्या जोराने की अनंत आतून धावत आला. वहिवाट! जमिनीचा कुठलाही दावा या शब्दावाचून पुढे सरकत नाही. कोर्टाच्या निम्म्या कागदांत जो शब्द मानाने बसतो त्याच्या पोटात आमचा शब्द आहे. मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहिला. वकीलबाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे फार सुंदर आहे. पण तुम्ही म्हणता तो अर्थ जज्जसाहेबांनाही माहीत असणार. प्रश्न अर्थाचा नाही, थांबलेल्या मॅचचा आहे."

असेल. पण अर्थ सोडला की हातात काय राहतं, हे मला आजही कळलेलं नाही. जमीन गेली तेव्हा निदान जमीन म्हणून गेली. शब्द गेला तो धमकी म्हणून.

गावाने मात्र माझ्या शब्दकोशापेक्षा चांगला उपाय काढला. पनवेलच्या मासळी बाजारात हिरा डोक्यावर पाटी घेऊन गर्दीत शिरली आणि ओरडली, "मनाई! ओ दादा, मनाई द्या! मनाई!" लोक आधी गोंधळले, मग बाजूला झाले. आठवड्याभरात सगळ्या कोळणी-आगरणींच्या तोंडी तेच. एसटीतून उतरताना म्हातारे म्हणायचे, "जरा मनाई द्या बाला." एकीला तिच्या सासूने विचारलं, कुठे होतीस इतका वेळ, ती म्हणाली, तुमच्या लेकाची मनाई बघत होते. त्या मोसमात आम्ही एका शब्दाचं रिकामं पडलेलं घर दुसऱ्या शब्दाला भाड्याने दिलं, आणि तो तिथे मजेत नांदला. हुकूम मोडला, असं कुणाला म्हणता आलं नाही. स्पर्धा संपली. मुरमावर ऊन तापू लागलं. तारखा पडत राहिल्या.

श्रावणात एका सकाळी चहाचा कप हातात असताना अनंत गेला. कप फुटलासुद्धा नाही, मांडीवर कलंडला.

त्याला गावी नेलं. पाऊस लागला होता. खांदेकऱ्यांनी हायवेचा वळसा घ्यायला साफ नकार दिला आणि तिरडी गेटसमोर आणली. गेटला कुलूप होतं. वॉचमन भिजत उभा राहून पुन्हा पुन्हा सांगत होता, "किल्ली सायबांकडे आहे, सायबांचा फोन लागत नाही." त्याचा दोष नव्हता, तोही रडवेला झाला होता. हिरा पत्र्यावर तळहात आपटत होती. तेव्हा नामाकाका पुढे झाले, त्यांनी हात वर केला आणि त्या बंद गेटला सांगितलं, "वाट." मोठ्याने नाही. अंत्ययात्रेला म्हणायचे तसं, हलकं.

पत्रा पावसात वाजत राहिला. शेवटी शववाहिनी बोलावून अनंतला शहरातल्या स्मशानात नेलं. तिथे सगळी सोय आहे, माणसं चांगली आहेत, लाकडं कोरडी होती. पण त्याचा बाप, आजा, त्याच्या आधीचे सगळे जिथे गेले, तिथे त्याला जाता आलं नाही. मी पुस्तकं वाचणारी बाई आहे. देह कुठे जळतो याने फरक पडत नाही, हे मी एखाद्याला नीट समजावून सांगू शकेन. मला स्वतःला अजून समजावता आलेलं नाही.

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा लाऊडस्पीकर परत सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. म्हणाल्या, "अनंतरावांचं नाव दाव्यातून वगळावं लागेल. मृत्यूचा दाखला द्या. मनाई त्यांच्यापुरती होती, ती त्यांच्याबरोबर संपली. तुम्ही मोकळ्या आहात, मॅडम." शिवाय आयोजक समेटाला तयार होते. गावाने वाटेवरचा हक्क सोडल्याचं लिहून द्यावं, ते दावा मागे घेतील. मी विचारलं, मी मोकळी म्हणजे काय? मी तिथे गेले तर? त्या म्हणाल्या, "तुम्हाला हुकूम माहीत आहे, हे सिद्ध करणं त्यांना अवघड नाही. अज्ञात इसमांत तुम्ही येऊ शकता. अवमानाची कारवाई होऊ शकते. नोकरी आहे तुम्हाला. कशाला?"

 गावाने समेटाचा कागद परत पाठवला, त्या संध्याकाळी मी हिराला म्हणाले, "मी येते रविवारी."

"येचील, पन चप्पल चांगली घाल. हिरवलीवर पानी मारलेला असतंय."

रविवारी सामना रंगात होता. आम्ही बायकाच होतो, एकामागे एक. नामाकाका यंदा आजारी, घरी. कुणी एक अक्षर बोललं नाही. हुकुमात शब्दालाही मनाई होती आणि तेवढी आम्ही पाळली. मला भीती वाटत होती ती वळण चुकायची. माझा जन्म तिथला नाही. पण हिरा पुढे होती, मी तिच्या टाचांकडे बघत गेले, आणि एका जागी माझे पाय आपोआप डावीकडे गेले. खेळाडू थांबले. एक क्षेत्ररक्षक खालीच बसला आणि पाण्याची बाटली मागू लागला. समालोचक म्हणाला, "आणि... मैदानात काही महिला..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

मैदानाच्या मधोमध एक महिला कॉन्स्टेबल धावत आली. तरुण होती, दम लागलेली. "बाई, कोर्टाचा आदेश आहे. माहिताय ना?"

"माहीत आहे. मराठीत मीच केलाय," मी म्हणाले.

ती गोंधळली. मग तिने डायरी काढली. "नावं सांगा सगळ्यांची. पूर्ण नाव."

हिरा पहिली. "हिराबाई..." म्हणाली आणि अडली. नवऱ्याचं नाव तिने कधी तोंडाने घेतलेलं नाही. "मधला तू लिव ना बाय."

"मी काय लिहू? मला काय माहीत तुमच्या मिस्टरांचं नाव?"

"उखाण्यात घे गो!" मागून एकजण ओरडली. बायका फिसफिसून हसायला लागल्या. हिराने पाटी सावरली, पदर नीट केला आणि भर मैदानात, विजेच्या खांबांखाली, खणखणीत आवाजात म्हणाली, "खाडीच्या काठाला चिंबोऱ्यांची रांग, जनार्दनचं नाव घेते, जाऊन सायबाला सांग!"

प्रेक्षकांतून टाळ्या पडल्या. कॉन्स्टेबललाही हसू आवरेना. तिने तोंड फिरवून ते गिळलं आणि लिहिलं.

मग माझ्याकडे वळली. माझ्याजवळ उखाणा नव्हता. लग्नातही मी घेतला नव्हता, असल्या गोष्टींना मी नाकं मुरडायची. श्रावणापासून ते नाव मी कागदांवर लिहिलं होतं, दाखल्यावर वाचलं होतं. तोंडाने घेतलं नव्हतं.

"शैलजा अनंत म्हात्रे."

वाऱ्यात तिला ऐकू गेलं नाही. "मोठ्याने बोला, बाई."

मी मोठ्याने बोलले. ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या माणसाला इतका आवाज असतो, हे मलाच नवं होतं.

तिचा हात थांबला. "अनंत म्हात्रे म्हणजे... एक नंबरचे? ते तर वारले ना?"

"हो."

"मग त्यांचं नाव कसं..."

"माझ्या नावात आहे ते. लिहा."

तिने लिहिलं. मी डायरीत वाकून पाहिलं. घाईत तिने अनंतमधल्या 'न'वरचं टिंब सोडलं होतं. मी बोट ठेवून दाखवलं. ते दिल्याशिवाय मी हलणार नाही, हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. तिने पेन पुन्हा उघडलं, टिंब दिलं, आणि मी खाडीकडे निघाले.